ड्रम नंबर बावीसशे आठ

मुकादमाच्या बायकोनं न्हाणीघरातला निळा ड्रम घराबाहेर जाऊ दिला तो तीन अटींवर. एक, ड्रमला ओरखडा पडता कामा नये. दोन, कारखान्यातलं थेंबभर काही त्यात जाता कामा नये. तीन, संध्याकाळी सहाच्या आत ड्रम जागेवर.

"उद्यापासून दोन दिवस नळ बंद आहेत, पाइपलाइनचं काम आहे, माहितीये ना?" ती म्हणाली. "आज रात्रीपर्यंत हा भरला नाही, तर दोन दिवस काय अंगाला पावडर फासून कामावर जाणार आहात?"

"सहा म्हणजे सहा," मुकादम म्हणाला.

"आणि नाही आला तर?"

"तर मीही येत नाही."

"बघा हं. कागदावर घेतलं नाही, पण डोक्यात ठेवलंय."

मुकादमानं ड्रम खांद्यावर घेतला, कारखान्याच्या बसच्या टपावर चढवला, दोरीनं आवळला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्ताभर त्याच्याकडे बघत गेला. इतक्या काळजीनं त्यानं लग्नात बायकोकडेही बघितलं नव्हतं.

मुकादम ज्या कारखान्यात होता तिथं तयार असं काहीच होत नसे. दुसरे कारखाने जे हवं ते तयार करायचे आणि जे नको ते ड्रममध्ये भरून इथं धाडायचे. आम्लं, रंगाचा गाळ, मुदत संपलेली औषधं, आणि एक काळंकुट्ट दाट प्रकरण, ज्याचं नाव लॅबवाल्यालाही उच्चारता येत नसल्यामुळे सगळे त्याला आदरानं नुसतं 'ते' म्हणत. या सगळ्याची विल्हेवाट लावायची आणि ड्रम प्रेसखाली चपटे करायचे, हे काम. मुकादम तिथं इतकी वर्षं होता की बंद ड्रमवर टिचकी मारून आत काय आहे ते सांगायचा. आणि नुसतं काय आहे ते नाही, कुठल्या पाळीत भरलंय आणि भरणाऱ्याचा मूड कसा होता, तेही.

या माणसाचा एकच धर्म होता. आत आला, नंबर पडला, की ड्रम घरी जात नाही. त्यामागं कारण होतं. दुसरीकडच्या अशाच एका कारखान्यातून कुणीतरी रिकामा ड्रम धुऊन-पुसून घरी नेला, पाणी भरलं, आणि महिनाभर घरातली आठ माणसं अंगावरच्या फोडांना मलम लावत बसली. तेव्हापासून मुकादम दर प्रशिक्षणात पहिलं वाक्य तेच बोलायचा. "ज्याला एकदा नंबर पडला, तो माझ्या बापाचाही नाही." तीस कामगार होते आणि तीस घरांतून ड्रमला मागणी होती, कारण निळे, जाड, झाकणवाले ड्रम बघून कुणाचाही जीव जडेल. "मुकादम, नुसता तीनदा धुतलाय हो!" "मुकादम, बायको घरात घेत नाहीये!" मुकादम ढिम्म. तीस बायका त्याला नावं ठेवत होत्या, आणि तीस घरं ठणठणीत होती.

आजची भानगड अशी होती की वर्षाच्या सुरक्षा प्रशिक्षणाला सरकारी अधिकारी बाई येणार होत्या. गळती झाली तर काय करायचं, याची तालीम त्यांच्यासमोर करून दाखवायची होती. तालमीला स्वच्छ ड्रम हवा, खरा कचऱ्याचा चालत नाही. स्टोअरमध्ये मागितला तर स्टोअरवाला म्हणाला, "अर्ज द्या. सहा आठवडे." तालीम परवावर आलेली. म्हणून घरचा ड्रम. फाटकावर मुकादमानं त्याची नोंदही रीतसर केली: प्रशिक्षणाचं साहित्य, येणे-जाणे.

ड्रममध्ये लाल रंगाचं पाणी भरलं. ते फारच निरुपद्रवी दिसायला लागलं, म्हणून मुकादमानं वरून कपडे धुण्याच्या पावडरचा अख्खा पुडा ओतला. फेस असा उसळला की खुद्द मुकादम दोन पावलं मागे सरला.

आणखी एक पेच होता. तालमीत एक माणूस बेशुद्ध पडायला हवा होता आणि कामगारांपैकी कुणीही पडायला तयार नव्हता.

"मागच्या वर्षी मी पडलो होतो," पैलवान म्हणाला. पैलवान म्हणजे कारखान्यातला सगळ्यात काटकुळा माणूस. "चौघांनी उचललं, तिघांनी सोडलं."

शेवटी मुकादम स्वतःच पडला.

अधिकारी बाई हातात घड्याळ घेऊन उभ्या राहिल्या. शेजारी व्यवस्थापक साहेब, हसून हसून गाल दुखत असलेले. शिट्टी झाली. ड्रम आडवा केला, सैल झाकणातून लाल फेस बाहेर आला, आणि त्याच्या शेजारी मुकादम डोळे मिटून आडवा.

आणि मग जे झालं त्याला मुकादमाची शिकवणीच जबाबदार होती. एरवी ओरडल्याशिवाय हातमोजे न घालणारी माणसं त्या दिवशी घड्याळाच्या काट्यासारखी हलली. पांढरे सूट, मुखवटे, बूट. भुशाचं कडं टाकून फेस अडवला. दोरी बांधून हद्द आखली. ड्रम उभा केला, झाकण बसवलं, कडी आवळली, लेबल डकवलं. आणि मग शंकासूर रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला.

शंकासूर म्हणजे कारखान्यातला असा इसम, की ज्याला "चहा घे" म्हटलं तर "कशासाठी?" विचारायचा. प्रशिक्षणात सगळ्यात जास्त प्रश्न त्याचे. अर्थात सगळ्यात जास्त लक्षातही त्याच्याच राहायचं. त्यानं ब्रश रंगात बुडवला. मुकादमानं एक डोळा किलकिला केला आणि बघतो तर ड्रमच्या पोटावर पांढराशुभ्र 'दोन' उमटत होता.

"अरे, अरे..." मुकादम उठून बसायला लागला.

"पडून राहा!" शंकासूर मुखवट्यातून म्हणाला. "बेशुद्ध माणूस बोलत नाही. तुम्हीच शिकवलंय."

"अरे नंबर नको..."

"रुग्ण बरळतोय," पैलवानानं जाहीर केलं. "डोक्याला मार असेल. चौघंजण या, उचला."

"वा!" अधिकारी बाई म्हणाल्या. "किती खरं वाटतंय!"

मुकादमाला स्ट्रेचरवरून धुण्याच्या जागेवर नेलं, नखशिखांत फवारलं, दोनदा घासलं. तो साबणाच्या पाण्यातून "नंबर, नंबर" करत होता आणि बाई कौतुकानं मान डोलवत होत्या. तेवढ्यात शंकासुरानं ड्रमवर २२०८ पुरा केला आणि मोठ्या रजिस्टरात नोंद केली. साक्षीदार म्हणून सही लागते. त्यानं रजिस्टर बाईंसमोर धरलं, आणि बाईंनी, इतक्या खूश होत्या त्या, हसत हसत सही ठोकली. शिक्क्यासकट.

मुकादम ओलाचिंब होऊन धावत आला तेव्हा शाई वाळली होती.

"गाढवा, हा माझा ड्रम आहे!"

"होता," शंकासूर शांतपणे म्हणाला. "आता बावीसशे आठ आहे."

साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "मग नोंद खोडा की!" पण रजिस्टरची पानं मोजलेली, खाडाखोडीला बंदी, आणि वर सरकारी सही. बाई चहाला बसल्या होत्या, त्यांना विचारलं. बाई म्हणाल्या, "चूक झाली असेल तर एकच मार्ग आहे. लॅबचा अहवाल घ्या, आत घातक काही नाही असा. मग साहेबांच्या सहीनं सोडता येईल."

लॅबवाल्यानं लाल पाण्यात कागदाची पट्टी बुडवली. पट्टीकडे बघितलं, मुकादमाकडे बघितलं, परत पट्टीकडे बघितलं.

"काय घातलंत यात?"

"कपडे धुण्याची पावडर. घरची."

"याच्यानं कपडे धुता तुम्ही?"

"बायको धुते."

"आणि राहतात कपडे?"

मुकादमाच्या शर्टाच्या दोन्ही बाह्या कोपरापाशी विरल्या होत्या. त्यानं हात पाठीमागे घेतले. लॅबवाल्यानं पाणी तीनदा बदलायला लावलं, तीनदा पट्टी बुडवली आणि चौथ्यांदा लिहून दिलं: घातक नाही. साहेबांनी खाली सही केली. पावणेचार झाले होते. मुकादमानं ड्रम हातगाडीवर चढवला आणि जवळजवळ गात फाटकाकडे निघाला.

फाटकाशी तीसच्या तीस कामगार उभे होते. पाळी सुटायला अजून सव्वा तास होता.

 नुसते बघत होते. तेही मुकादमाकडे नाही, हातगाडीकडे.

"काय रे?" मुकादम म्हणाला.

"एक शंका आहे," शंकासूर म्हणाला.

"विचार."

"हा नंबर पडलेला ड्रम घरी चाललाय ना?"

"अरे, हा माझाच आहे! सकाळी बसच्या टपावर होता, तुम्हीच उतरवलात. लॅबचा कागद आहे. साहेबांची सही आहे."

"आहे ना. म्हणूनच विचारतोय." शंकासुरानं घसा साफ केला. "तिसऱ्या रांगेत तो निळा आहे, कडीवाला. त्यात नुसतं मीठ होतं. लॅबचा कागद मीही आणतो."

"माझा सहाव्या रांगेत आहे," पैलवान म्हणाला. "पावडर बिस्कीटवाल्यांची होती, वाईट झालेली."

"माझ्या बायकोनं तर गेल्या वर्षीच बघून ठेवलाय, तारेच्या कुंपणातून..."

मुकादमाच्या डोळ्यांसमोर झरझर चित्रं सरकली. तीस ड्रम, तीस मोऱ्या. आधी मिठाचे, मग पावडरचे, मग तीनदा धुतलेले, मग दोनदा, मग 'काय होतंय', आणि शेवटी एखाद्या घरात 'ते'. आठ माणसं आणि मलमाची डबी. दुसरं चित्रही सरकलं: दारात बायको, हातात रिकामी बादली. खरं सांगायचं तर दुसऱ्या चित्राला त्याला जास्त घाम फुटला.

खिशातला फोन वाजला.

"निघालात का?" बायको.

"निघतोय."

"ड्रम?"

मुकादमानं हातगाडीकडे बघितलं, तीस चेहऱ्यांकडे बघितलं, आणि म्हणाला, "तोही निघतोय." हे खोटं नव्हतं. फोन ठेवून त्यानं हातगाडी वळवली आणि ती प्रेसकडे निघाली.

"अहो मुकादम, गंमत केली!" पैलवान मागून धावला.

"नंबर पडला की माझ्या बापाचाही नाही," मुकादम म्हणाला. "बाप तर बिचारा कधीच गेला. निदान बोललेलं तरी राहू दे."

प्रेसखाली घालण्यापूर्वी ड्रम उलटा करून बूड खरवडायचं, तळाला काही चिकटलंय का बघायचं, हा नेम. शंकासुरानं पत्रा घेऊन पाण्याच्या क्षाराचा बोटभर थर खरवडला. खरवडता खरवडता तो थांबला. मग इकडे तिकडे बघून मुकादमाच्या कानाशी आला.

"मुकादम. इथं नंबर आहे."

"कसला नंबर?"

"आपला. बुडावर डाग देऊन घातलेला. चारशे सतरा."

बुडावर डाग देण्याची पद्धत अकरा वर्षांपूर्वी होती. मुकादम वाकला. चारशे सतरा होतं खरं, आणि शेजारी कारखान्याची खूण. अंगावर काटा म्हणजे काय, ते त्याला मानेपासून कमरेपर्यंत कळलं. तो धावत जुन्या रजिस्टरांच्या कपाटाकडे गेला, धूळ झटकली, पानं उलटली. चारशे सतरा: मुदत संपलेला द्रव साबण. पहिल्यांदा त्यानं सुटकेचा श्वास टाकला. मग पुढचा रकाना वाचला. 'प्रेसखाली नष्ट केला. समक्ष:' आणि त्यापुढं सही. वळणदार, झोकदार, शेपटीवाली. त्याचीच.

त्यानं बायकोला फोन लावला. "अगं, तो ड्रम कुठनं आणलेलास?"

"भंगारवाल्याकडनं. का? अकरा वर्षांनी आठवण आली?"

"त्याच्या बुडावर आमच्या कारखान्याचा नंबर आहे."

"बुडावर? बूड कोण बघतं?"

"मी," मुकादम म्हणाला. "म्हणजे, आजपासून."

 पलीकडून खिदळण्याचा आवाज, मग फोन बंद.

आता सगळं आठवलं. त्या वर्षी प्रेस महिनाभर बंद होतं. ड्रम साचले होते. प्रेसवरचा म्हातारा, आता सेवानिवृत्त, एका संध्याकाळी रजिस्टर घेऊन आला होता, "दाबले सगळे, करा सही," आणि मुकादमानं बसमध्ये चढता चढता गुडघ्यावर रजिस्टर ठेवून सह्या केल्या होत्या. एक नाही. चाळीसेक. म्हणजे म्हाताऱ्यानं ते दाबलेच नव्हते, भंगारवाल्याला विकले होते.

"मुकादम," शंकासूर हळूच म्हणाला, "मी काही बघितलं नाही. दाबून टाकू?"

आयुष्यात पहिल्यांदाच शंकासुरानं प्रश्नाबरोबर उत्तरही दिलं होतं, आणि मुकादमाला ते मनापासून आवडलं. बटण दाबलं की चारशे सतरा, बावीसशे आठ आणि ती शेपटीवाली सही, सगळं एका दणक्यात चपटं. त्यानं बटणाकडे बघितलं. मग एक पालथा डबा ओढला आणि त्यावर चढला.

"इकडे या सगळे. प्रशिक्षण संपलं नाही अजून."

त्यानं सगळं सांगितलं. बूड दाखवलं, रजिस्टर दाखवलं, सही दाखवली. चहाचा कप घेऊन बाई आल्या, त्यांच्या मागून साहेब, त्यांचं हसू आता गालांवरून उतरून कुठंतरी गेलेलं. "तुमच्या घरांना अकरा वर्षं नाही म्हणालो," मुकादम म्हणाला, "आणि अकरा वर्षं त्याच ड्रममधल्या पाण्यानं आंघोळ करून इथं यायचो. साबणाचा निघाला हे माझं नशीब. न बघता सही केली, ती माझी. बाई, काय लिहायचं ते लिहा."

कुणी हसेल असं त्याला वाटलं. कुणी हसलं नाही. तीस माणसं आपापल्या बुटांकडे बघत होती. मग पैलवानानं हात वर केला.

"माझ्याकडे पण एक आहे. चोरला नाही हो. भंगारवाल्याकडनं विकत घेतला. खूण खरवडून टाकली."

"कधी?"

"अकरा वर्षांपूर्वी."

"माझ्याकडे दोन," कुणीतरी म्हणालं. "सासऱ्यांकडे एक दिलाय."

"मी आजीच्या खोलीत ठेवलाय, गोधड्या भरून."

हात वर होत गेले. शेवटी शंकासुराचा हात वर झाला. "तुझ्याकडेही? अरे, तू तर एवढ्या शंका काढतोस!" मुकादम म्हणाला.

"सगळ्या काढल्या," शंकासूर म्हणाला. "ही एक काढायची हिंमत झाली नाही."

मुकादमाचा सोडून बेरीज अडतीस झाली. घरोघरी फोन लावून बुडावरचे नंबर मागवले, आणि मुकादमानं रजिस्टर उघडून एकेक जुळवला. साबण, साबण, मीठ, गोंद, साबण. एकाच ड्रममध्ये रंगाचा गाळ होता आणि त्याचा मालक त्यात लाकडं ठेवत होता. मुकादमानं पहिल्यांदा कपाळावरचा घाम पुसला.

"एकाच प्रशिक्षणात अडतीस ड्रम!" बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "माझ्या नोकरीत असं झालेलं नाही. पण उद्या यांच्या घरी पाणी नाही म्हणता, आणि ड्रम तुम्ही काढून घेणार. व्यवस्थापक साहेब, यांना नवे ड्रम आज मिळतील ना?"

साहेबांनी स्टोअरवाल्याकडे बघितलं. ज्या स्टोअरवाल्याला एका ड्रमला सहा आठवडे लागत होते, त्यानं चाळीस मिनिटांत अडतीस नवे ड्रम फाटकात उभे केले.

मग लाल पाट्या लावलेला ट्रक निघाला. सूट घातलेली माणसं घरोघर उतरून जुना ड्रम चढवत होती, नवा ठेवत होती, गोधड्या आजीच्या मांडीवर रचत होती. बायका आधी भांडल्या, मग नवा ड्रम बघून गप्प झाल्या. पण अडतीसच्या अडतीस वाटून झाले आणि मुकादमाचं घर राहिलं. आपल्यासाठी ठेवा असं म्हणायची त्याला लाज वाटली होती. अखेर साडेसहाला त्याला दारासमोर उतरवून ट्रक निघून गेला. हातात डबा, अंगावर तोच ओला सदरा, आणि ड्रम नाही.

बायको दारात उभी होती.

"सहा वाजून गेले," ती म्हणाली.

"हो."

"ड्रम?"

"चपटा केला." त्यानं डबा तिच्या हातात दिला. "मी म्हणालो होतो तसं, मीही येत नाही. निघतो."

"कुठं निघताय? चपला काढा आणि आत या."

न्हाणीघरात नवाकोरा निळा ड्रम उभा होता. काठोकाठ भरलेला. मुकादम बघतच राहिला.

"सकाळी तुम्ही टपावर दोरी आवळत होता ना, तेव्हाच मी पायात चपला घातल्या," बायको म्हणाली. "माझ्या सख्ख्या भावाला ज्या माणसानं रिकामं झाकण दिलं नाही, तो आत गेलेला ड्रम बाहेर येऊ देईल होय? दुपारीच भरून ठेवला."

"मग त्या तीन अटी कशाला घातल्यास?"

"दिवसभर जरा धाकात राहिलात ना? आता इथं सही करा." तिनं वही पुढं केली. वहीत लिहिलं होतं: 'हा ड्रम यापुढं घराबाहेर जाणार नाही.' खाली 'समक्ष'.

मुकादमानं पेन घेतलं. टोक कागदावर टेकलं आणि थांबलं.

"बूड बघायला पाहिजे."

"अहो, भरलाय! दोनशे लिटर!"

"न बघता सही करत नाही."

बायकोनं पदर तोंडाला लावला. मुकादमाला वाटलं, रडतेय. त्यानं बाह्या सारल्या, म्हणजे बाह्यांचं जे काय उरलं होतं ते, आणि बादल्या भरायला लागला. घरातली सगळी पातेली, हंडे, टोप, कळशा, शेवटी पेले आणि वाट्यासुद्धा पाण्यानं भरून जमिनीवर मांडल्या गेल्या. पाऊल ठेवायला जागा राहिली नाही. मग धापा टाकत त्यानं ड्रम उलटा केला, चष्मा पुसला आणि गुडघ्यांवर बसून वाकला.

बुडावर, जाड काळ्या पेननं, बायकोच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं:

'पावती कपाटात आहे. सही करा आणि पाणी परत भरा.'